पीएच.डी. करावी का, आणि मार्गदर्शक कसा निवडावा

बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने मला विचारले आहे की, एम.ए. आणि सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) झाल्यानंतर आता पीएच.डी. करावी की करू नये, आणि करायची झाल्यास मार्गदर्शक कसा निवडावा. त्यांचे वय 29 आहे, घरात दोन वर्षांची मुलगी आहे, यजमान दुसऱ्या तालुक्यात नोकरीला आहेत. जवळच्या संशोधन केंद्रातील एका प्राध्यापकांकडे एक जागा रिकामी झाली असून त्यांनी स्वतःच विषय सुचवला आहे : 'बीड जिल्ह्यातील महिला बचत गटांचा आर्थिक अभ्यास, विशेष संदर्भ 2010 ते 2020'. विषय मान्य असेल तर महिनाअखेरपर्यंत नोंदणीचे कागद पुढे पाठवू, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असा त्यांचा निरोप आहे. घरच्यांचे म्हणणे आहे की चालून आलेली संधी सोडू नये.

मी अर्थशास्त्राची मार्गदर्शक म्हणून 22 वर्षे काम केले. माझ्याकडे 11 जणांचे प्रबंध पूर्ण झाले आणि तिघांनी काम अर्ध्यावर सोडले. त्या तिघांची आठवण मला बाकीच्यांपेक्षा अधिक येते, कारण त्यांपैकी दोघांना मी पहिल्याच भेटीत थांबवायला हवे होते. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी नोकरीचा हिशेब मांडू, कारण बहुतेकांच्या मनात तोच असतो आणि तो असण्यात कमीपणा काहीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 च्या नियमावलीत विद्यापीठांतील सहायक प्राध्यापक पदासाठी जुलै 2021 पासून पीएच.डी. अनिवार्य करण्याचे ठरवले होते. ती मुदत पुढे जुलै 2023 पर्यंत गेली, आणि त्याच महिन्यात आयोगाने जाहीर केले की या पदाच्या थेट भरतीसाठी नेट ही राष्ट्रीय किंवा सेट, स्लेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा हीच किमान अर्हता राहील आणि पीएच.डी. ऐच्छिक असेल. याचा अर्थ तुम्ही आजही सहायक प्राध्यापक पदासाठी पूर्णपणे पात्र आहात. पीएच.डी.चे वजन उमेदवारांच्या छाननीत पडते, आणि पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायचे असेल तर ती लागतेच. परंतु तुम्हाला आज कायम पद मिळालेले नाही त्याचे कारण पदवीची उणीव हे नाही, पदे भरली जात नाहीत हे आहे. नावामागे डॉक्टर लागूनही तासिका तत्त्वावर तीन-तीन महाविद्यालयांत धावपळ करणारी माणसे तुमच्या ओळखीत असतील, माझ्या तर आहेत. तेव्हा पदवी मिळाली की पद मिळेल एवढ्याच भरवशावर निघणार असाल, तर करू नका असे मी स्पष्ट सांगेन. पाच-सहा वर्षांनी पद मिळाले नाही तर तेवढ्या काळाचा राग त्या विषयावर निघतो आणि माणूस वाचणेच सोडून देतो, हे मी पाहिले आहे.

पैशाचेही तसेच. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे ज्येष्ठ अधिछात्र म्हणून 42,000 रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या आपापल्या समाजगटांसाठी अधिछात्रवृत्त्या आहेत, त्यांतील कोणती तुम्हाला लागू होते ते पाहा. मात्र पैसे ठरल्या तारखेला येतील असे धरून घरखर्च बसवू नका, सहा महिने त्यांच्याशिवाय निघतील एवढी तजवीज हाताशी असू द्या. अधिछात्रवृत्ती घेत असताना तासिकेचे मानधन चालते का, हे त्या योजनेच्या अटींत स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. अर्धवेळ पीएच.डी. करण्याची मुभा आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. नियमावलीत आहे, पण त्यासाठी जिथे काम करता तिथले ना हरकत प्रमाणपत्र लागते.

त्याच नियमावलीनुसार किमान काळ तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा आहे, पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळतात, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण 10 वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत रजा आहे. लग्नामुळे वा अन्य कारणाने संशोधक स्त्रीला गाव बदलावे लागले, तर तिचे आतापर्यंतचे काम ती जिथे जाईल त्या संस्थेत नेता येईल, अशीही तरतूद आहे. तुमच्या यजमानांची नोकरी दुसरीकडे असल्यामुळे हे कलम लक्षात ठेवा. विभागातील कारकुनालाही ते नेहमी माहीत नसते, म्हणून त्याची प्रत जवळ बाळगा.

हा सगळा हिशेब झाल्यावरही एक गोष्ट उरते आणि निर्णय खरा तिच्यावर ठरतो. तुम्ही जिथे राहता, शिकवता, वावरता, तिथे असे काय आहे जे तुम्हाला समजत नाही आणि ज्याचे उत्तर शोधूनही कुठे मिळालेले नाही? असा प्रश्न मनात नसेल तर पीएच.डी. पुढे ढकलावी. प्रश्न नसताना केलेले संशोधन कसे होते हे मी अगदी जवळून पाहिले आहे, आणि त्यात माझाच दोष होता. पदोन्नतीसाठी पदवी हवी असलेल्या एका गृहस्थांना मी विषय सुचवला, त्यांनी तो वहीत उतरवून घेतला आणि एकही शंका न विचारता ते निघून गेले. दोन वर्षांनी त्यांनी 400 भरलेल्या प्रश्नावल्या एका खोक्यात घालून आणल्या. मी वरच्या पंचवीस-तीस काढून टेबलावर पसरल्या. सगळ्या एकाच निळ्या शाईत आणि एकाच वळणाच्या अक्षरात होत्या, आणि शेवटच्या प्रश्नापुढची बरोबरची खूण प्रत्येक पानावर त्याच जागी होती. ते कोणत्याही गावात गेले नव्हते. मी काम थांबवले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तो विषय त्यांचा कधी नव्हताच. तो मी दिला होता, आणि ज्याच्याविषयी मनात कुतूहल नाही त्यासाठी उन्हात गावोगाव हिंडायला कोण तयार होईल?

आता तुम्हाला सुचवलेला विषय पाहू. 'बचत गटांचा आर्थिक अभ्यास' हे क्षेत्राचे नाव झाले, त्यात प्रश्न कुठेच नाही. अशा शीर्षकाचा प्रबंध कसा होतो हे न उघडताही सांगता येते. पहिल्या प्रकरणात प्रस्तावना, दुसऱ्यात साहित्याचा आढावा, तिसऱ्यात जिल्ह्याचे पर्जन्यमान, तालुके आणि लोकसंख्या, चौथ्यात बांगलादेशातील ग्रामीण बँकेपासून बचत गटांचा इतिहास, पाचव्यात 300 प्रश्नावल्यांचे तक्ते, आणि शेवटी निष्कर्ष की महिलांचे सक्षमीकरण झालेले दिसून येते. परिशिष्टातल्या प्रश्नावलीत हमखास एक प्रश्न असतो : 'बचत गटामुळे आपला आत्मविश्वास वाढला का? होय / नाही / सांगता येत नाही.' दारात आलेल्या शिकलेल्या बाईंनी असे विचारल्यावर गावातली बाई होयच म्हणणार. त्या उत्तरातून आपल्याला तिच्या सौजन्याखेरीज काहीही कळत नाही.

पण तुमच्याच पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिली आहे. तुमच्या सासरच्या गावातील गटातल्या निम्म्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात, तरीही गटाच्या वहीत त्या महिन्यांची बचत प्रत्येकीच्या नावापुढे पूर्ण भरलेली दिसते, असे तुम्ही म्हणता, आणि पुढे विचारता की हे पैसे कोण भरत असेल. ती ओळ मी तीनदा वाचली. तुमचा प्रबंध तिथे आहे. पैसे गावी राहिलेली सासू भरते का? गटाची सचिव पदरचे भरून नंतर व्याजासकट वसूल करते का? मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या टोळीच्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेल्या उचलीतूनच ते वर्षभराचे आधी बाजूला काढले जातात का? की वही मागाहून एकदम लिहिली जाते? आणि उलट बाजूने पाहिले तर, गटातून काढलेले कर्ज मुकादमाची फिटलेली नसलेली बाकी चुकवायला वापरले जाते का? कोयत्याची, म्हणजे तोडणीला जाणाऱ्या जोडप्याची, उचल नवऱ्याच्या हाती पडते आणि गटाचे खाते बायकोच्या नावावर असते, तेव्हा एकाच घरातली ही दोन कर्जे एकमेकांशी कशी बोलतात? याचे उत्तर होय-नाहीच्या प्रश्नावलीतून निघणार नाही. गटाची मासिक नोंदवही, बँकेचे पासबुक आणि मुकादमाची वही शेजारी शेजारी ठेवून महिन्यामागून महिना जुळवावा लागेल. मुकादम वही दाखवायला सहजी तयार होणार नाहीत. एक हंगाम गावात आणि एक हंगाम कारखान्याच्या तळावर, मजुरांच्या कोप्यांमध्ये (झोपड्यांत) जाऊन बसावे लागेल, आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन किंवा घरी ठेवून ते कसे जमेल, हे आजच घरात बोलावे लागेल. ही अडचण मोठी आहे. तरीही त्या कष्टांचा विचार करताना तुम्हाला वही पाहण्याची उत्सुकता अधिक वाटत असेल, तर पीएच.डी. करा.

विज्ञानशाखेतल्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा गोव्यात दोना पावला येथील समुद्रविज्ञान संस्थेत विषय बहुतेक वेळा मार्गदर्शकाच्या चालू प्रकल्पातून येतो, कारण उपकरणे, रसायने आणि निधी त्या प्रकल्पाचे असतात. तिथे दिलेला विषय घेणे रास्तच आहे, निवड प्रयोगशाळेची करायची असते. समाजशास्त्रांत मात्र विषय उसना घेतला तर तो प्रबंधभर उसनाच राहतो.

आता मार्गदर्शकाकडे वळू. बहुतेक जण सुरुवात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील रिक्त जागांच्या यादीपासून करतात. तुम्ही सुरुवात शोधगंगेपासून करा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे हे भांडार घरबसल्या विनामूल्य उघडते आणि भारतातील विद्यापीठांचे प्रबंध तिथे पूर्ण वाचता येतात. तिथे विद्यापीठ, मग विभाग आणि मग मार्गदर्शक अशा क्रमाने जावे. मराठी प्रबंध शोधताना केवळ शब्द टाकून शोधू नका, कारण अनेक जुने प्रबंध युनिकोडमध्ये नाहीत किंवा नुसत्या छायाप्रती आहेत, आणि ते शब्दाने सापडत नाहीत. विभागाची पूर्ण यादी उघडून शीर्षके एकामागून एक वाचा, एक दुपार जाईल पण ती वाया जाणार नाही.

ज्या प्राध्यापकांकडे जाण्याचा विचार आहे त्यांच्या तीन-चार विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा. पहिल्यांदा प्रमाणपत्राच्या पानावरच्या तारखा पाहा, आणि नोंदणीचे वर्ष दिलेले असेल तर काम किती वर्षे चालले ते मोजा. एखाद्याला सात-आठ वर्षे लागली असतील तर त्याच्या घरची कारणे असू शकतात, पण सगळ्यांनाच लागली असतील तर कारण मार्गदर्शकाच्या टेबलावर आहे. नंतर सरळ संदर्भसूचीवर या. प्रबंध 2019 चा आणि सूचीतील सर्वांत ताजे नाव 2006 चे असेल, तर मार्गदर्शकांनी ती सूची वाचलेली नाही. पुढे चारही प्रबंधांची प्रकरणांची शीर्षके शेजारी लिहून काढा. जिल्ह्याचे नाव तेवढे बदलून बाकी साचा तोच असेल, तर तुमचाही प्रबंध त्याच साच्यातून निघणार हे समजून जा. शेवटी निष्कर्षांचे प्रकरण वाचा आणि स्वतःला विचारा की यातले कोणते वाक्य मला पाहणीपूर्वी ठाऊक नव्हते. असे एक जरी वाक्य सापडले, तरी त्या मार्गदर्शकाकडे जाण्यासारखे आहे. ऋणनिर्देशही वाचावा. तिथे सगळेच गुरुवर्यांचे आभार मानतात, पण एखादा विद्यार्थी लिहितो की सरांनी तिसरे प्रकरण चार वेळा परत केले, आणि ती ओळ मला कोणत्याही विशेषणापेक्षा जास्त सांगून जाते.

मार्गदर्शकांचे स्वतःचे लेख वाचणे ओघाने आलेच. तुमच्या प्रश्नासाठी कर्ज, स्थलांतर किंवा शेतमजुरी यांपैकी कशावर तरी प्रत्यक्ष गावपातळीवर काम केलेले माणूस हवे. असे माणूस अर्थशास्त्रातच सापडेल असे नाही, समाजशास्त्रातील सहमार्गदर्शक घेता येतो. पुण्याच्या गोखले संस्थेत 1930 पासून धनंजयराव गाडगीळांनी आणि पुढे वि. म. दांडेकरांनी गावांच्या आणि कुटुंबांच्या पाहण्यांची जी परंपरा उभी केली, तिच्यातले जुने अहवाल ग्रंथालयात बसून चाळा. कुटुंबाचा खर्च विचारायचा तर प्रश्न कसा मांडायचा, हे त्यांतून आजही शिकता येते.

काही नियम हाताशी असू द्या, म्हणजे मोहात पडणार नाही. 2022 च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. सेवानिवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. आपल्याकडे महाविद्यालयीन अध्यापक 60 व्या वर्षी निवृत्त होतात, म्हणजे 57 च्या पुढच्या मार्गदर्शकांकडे तुमची नोंदणी होणार नाही, आणि 55-56 वर्षांचे असतील तर तुमचे काम संपण्याआधी ते निवृत्त होतील हे गृहीत धरावे लागेल. निवृत्तीनंतर ते सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, पण मुख्य मार्गदर्शक कोण होईल हे आधीच विचारून ठेवणे यात उद्धटपणा नाही. आठही जागा भरलेल्या ज्येष्ठांपेक्षा दुसरीच विद्यार्थिनी घेणारी तरुण सहायक प्राध्यापिका अनेकदा तुम्हाला जास्त वेळ देते, हा माझा अनुभव आहे, मग तिचे नाव पत्रिकेवर तितके वजनदार नसले तरी चालेल.

मार्गदर्शकांना भेटण्याआधी त्यांच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी आणि शक्य झाल्यास काम सोडून गेलेल्या एकाशी बोला. 'सर कसे आहेत' असे विचारले तर 'चांगले आहेत' हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा की तुम्ही शेवटचे प्रकरण कधी दिले आणि ते परत कधी आले, आणि परत आलेल्या पानांवर पेन्सिलीने काही लिहिलेले होते का. माझ्या स्वतःच्या मार्गदर्शकांकडे माझे दुसरे प्रकरण 10 महिने पडून होते. मी दर पंधरवड्याला जाऊन बसे, चहा होई, विद्यापीठातील निवडणुकांची चर्चा होई, आणि प्रकरणाचे नाव निघाले की पुढच्या वेळी निवांत बोलू असे ते म्हणत. शेवटी त्यांनी कपाटातून पाकीट काढून माझ्या हाती दिले आणि चांगले झाले आहे म्हणाले. घरी येऊन पाहिले तर पाकिटाच्या दोऱ्याची गाठ मी बांधली होती तशीच होती. मी त्या दिवशी काही बोलले नाही, आणि पुढची दोन वर्षे मला कोणीच चूक दाखवत नव्हते. बहिःस्थ परीक्षकांनी त्या सगळ्या चुका एकदम दाखवल्या. मार्गदर्शक झाल्यावर मी पहिल्याच भेटीत सांगत आले की तुम्ही दिलेले लिखाण तीन आठवड्यांत परत येईल, आले नाही तर मला फोन करून हक्काने विचारा. तुम्ही असा कालावधी पहिल्या भेटीतच विनयाने विचारून घ्या. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीसमोर कामाची प्रगती मांडायची असते, ती बैठक त्या केंद्रात खरोखर होते की नुसत्या सह्या होतात, हेही विद्यार्थ्यांकडूनच कळेल.

भेटीपूर्वी पाठवायचे पत्र एका पानाचे असावे. 'मला आपल्या मौलिक मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करण्याची तीव्र इच्छा आहे' अशी सुरुवात असलेली पत्रे मला वर्षाला तीस-चाळीस येत, आणि त्यांतून पाठवणाऱ्याविषयी काहीच कळत नसे. तुम्ही असे लिहा की, 'ऊसतोडीला गेलेल्या सदस्यांची मासिक बचत गटाच्या वहीत नियमित दिसते, ती प्रत्यक्षात कोण भरते हे मला शोधायचे आहे. एका गटाच्या दोन वर्षांच्या नोंदी मी उतरवून घेतल्या असून त्यांचा तक्ता सोबत जोडला आहे. आपला स्थलांतरित मजुरांच्या कर्जाविषयीचा लेख मी वाचला आहे, आणि त्यातील उचलीच्या वसुलीसंबंधीचा भाग माझ्या गावातील अनुभवाशी जुळत नाही, त्याविषयी आपल्याशी बोलायचे आहे.' असे पत्र वाचणारा खरा संशोधक तुम्हाला आठवड्याभरात बोलावतो. 'जुळत नाही' हा शब्द त्याला खटकत असेल, तर ते आताच कळलेले बरे.

मतभेदाचे मला इतके महत्त्व का वाटते, यासाठी अर्थशास्त्रातलेच उदाहरण देते. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर संशोधन करत असताना प्राध्यापक एडविन कॅनन त्यांचे मार्गदर्शक होते. तो ग्रंथ 1923 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि त्याच प्रस्तावनेत आपण लेखकाच्या बहुतेक युक्तिवादांशी सहमत नसल्याचे नोंदवून त्यांच्या विचारांतल्या ताजेपणाची मनापासून दाद दिली. शिष्याचे म्हणणे पटत नसताना त्याच्या ग्रंथाला आपले नाव देणारा असा मार्गदर्शक मिळणे भाग्याचे आहे. तेवढे भाग्य सगळ्यांना लाभणार नाही, पण निदान आपल्याशी वाद घालू देणारा माणूस शोधता येतो.

एक विषय टाळून चालणार नाही. विद्यार्थ्यांकडून घरची कामे करून घेणे, स्वतःचे लेख लिहवून घेणे, परीक्षकांच्या पाहुणचाराच्या नावाखाली पैसे मागणे, हे प्रकार आपल्या भागात घडतात आणि लोक ते रीत म्हणून स्वीकारतात. ही रीत नाही, ही लूट आहे. नोंदणीपूर्वीच असा काही इशारा मिळाला तर तिथून निघून या. नोंदणीनंतर घडले तर मार्गदर्शक बदलून मागता येतो, आणि स्त्री म्हणून त्रास झाला तर प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणे कायद्याने बंधनकारक आहे. भेटी विभागात, कामाच्या वेळेत व्हाव्यात असा आग्रह पहिल्या दिवसापासून धरा, चांगल्या मार्गदर्शकांनाही तेच हवे असते.

भाषेचे थोडक्यात सांगते. मराठीतून प्रबंध लिहिण्यात काही कमीपणा नाही, आणि तुमच्या बायका ज्या शब्दांत बोलतील ते शब्द मराठीतच जसेच्या तसे राहतील. मात्र संदर्भवाचन इंग्रजीतून करावेच लागेल, आणि एखादा लेख इंग्रजीत लिहून बाहेरच्या अभ्यासकांच्या नजरेखाली घालावा. परवानगी त्या त्या विद्यापीठाच्या नियमांत पाहून घ्या.

राहिला त्या रिकाम्या जागेचा प्रश्न. महिनाअखेरची मुदत तुम्हाला घाबरवते आहे, पण तुमची सेट कोठेही जात नाही, अनेक विद्यापीठांत सेट उत्तीर्णांना पेट या पीएच.डी. प्रवेश परीक्षेतून सूटही मिळते, आणि जून 2024 पासून नेटचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात. ही जागा गेली तर पुढच्या फेरीत दुसरी येईल. तरीही त्या प्राध्यापकांना न भेटता नकार देऊ नका, त्यांनी सुचवलेले क्षेत्र तुमच्या प्रश्नाच्या अगदी शेजारी आहे. या आठवड्यात शोधगंगेवर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचा, गटाच्या वहीतून दोन हंगामांच्या नोंदी एका कागदावर उतरवा, आणि तो कागद घेऊन त्यांच्याकडे जा. सांगा की विषय बचत गटांचाच राहील, फक्त तो या प्रश्नापुरता अरुंद करण्याची आपली परवानगी हवी आहे. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचायला घेतले आणि जानेवारीत या तीन नावांपुढे रक्कम एकसारखी कशी, असे काहीतरी विचारले, तर त्यांच्याकडे नोंदणी करा. कागद न पाहता शीर्षक आधीच टाईप झाले आहे, आता बदल नको असे म्हणाले, तर त्यांचे आभार मानून परत या, आणि पुढच्या फेरीपर्यंत त्या वहीतले उरलेले महिने उतरवून पूर्ण करा.